मामाचा टॉवेल आणि जीपचा पंखा

परवा महाडच्या बाजारात गाडी बंद करून उतरलो, तर बॉनेटखालचा पंखा घूंऽऽ करत एकटाच फिरू लागला. माझा हात आपोआप गळ्याशी गेला.

आठवला तो वरंध घाट, मामाची म्हातारी जीप. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून मामाने भंगारातला विजेचा बसवला होता. "पाणी तापलं की आपोआप चालू! चावी काढली तरी फिरंल!" ही फुशारकी पार भोरपर्यंत ऐकू गेली असेल.

चढावर जीप इतकी तापली की बॉनेटवर भाकऱ्या भाजल्या असत्या. मामाने चावी खिशात टाकून बॉनेट उघडलं. तापलेल्या रबराचा वास नाकात शिरला. "फिरत का नाय रे ह्यो?" म्हणत तो वाकला आणि पंखा गर्रकन सुरू झाला! गळ्यातला टॉवेल पात्यांत, मामाचं डोकं बॉनेटमध्ये, पाय हवेत.

विरलेला टॉवेल टर्रकन फाटला, म्हणून मामा सुटला. चेहरा पांढराफटक, गळ्यावर लाल वळ. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बोललो व्हतो ना, फिरतो म्हणून!"

तेव्हा महाडपर्यंत पोट धरून हसलो. परवा मात्र भर बाजारात घाम फुटला. मामीने त्या दिवसाआधीच नवा, दणकट टॉवेल आणून ठेवला होता, मामाच तो वापरत नव्हता.