कवळीवाल्यांचा घोडा

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाशी त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. समोर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले, हातात बारीक कानस, डोळ्याला भिंग. एखादा दात केसभर पुढे आलेला असला तरी त्यांना तो खुपायचा. घरीही तीच तऱ्हा. भिंतीवरचं चित्र जरा कललेलं दिसलं की त्यांना घास गोड लागत नसे. "मी बघायच्या दिवशी सरळ बसले होते, म्हणून पसंत पडले," असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

त्या वर्षी शाळेला सुट्टी लागली आणि नेमकं बायकोच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बायको तिकडे गेली. लेक आणि जावई दोघंही नोकरीवाले. मग नातवंडं आपसूकच कवळीवाल्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी रजा टाकली. नात सात वर्षांची, ठसक्यात बोलणारी; तिला ते बाईसाहेब म्हणत. नातू चार वर्षांचा, दिवसभर तोंडाने काहीतरी गुणगुणायचा, म्हणून तो भुंगा.

पहिल्याच दिवशी जेवणाआधी आजोबांचं सगळं भांडवल संपलं. गोष्ट त्यांना एकच येत होती. तिच्यात म्हातारा राजा आला तसं भुंग्याने विचारलं, "आबा, त्याला दात होते का?" मग आबा जे कवळीवर सुरू झाले ते थांबेनातच. राजा तिकडे सिंहासनावर बसून राहिला आणि मुलं सोफ्यावरून उड्या मारायला लागली.

शेवटी ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी परातीत मैदा ओतला. लोणी, साखर, थोडं दूध. बिस्किटं करायचा बेत होता. मुलांनी कोपरापर्यंत हात बरबटून घेतले. बिस्किटं जरा करपली, पण ओव्हनमधून निघाली तशी संपली. तेव्हा कवळीवाल्यांना सुचलं, की याच मैद्यात साखरेऐवजी भरपूर मीठ घालून मळलं, तर खाता येणार नाही, पण वाळल्यावर दगडासारखं टिकेल. दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून कारखाना सुरू झाला. भुंग्याने एक लांबलचक वळकटी केली आणि तो साप आहे, झोपलाय, असं जाहीर केलं. बाईसाहेबांनी घोडा केला. त्याचे चारही पाय चार दिशांना होते.

दोघं पेंगायला लागली, तशी आजोबांनी त्यांना आत नेऊन झोपवलं. घोडा खिडकीत वाळत होता. अजून मऊच होता. कवळीवाल्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे पाहिलं. शेवटी राहवेना. चमच्याच्या दांड्याने त्यांनी त्याचे पाय सरळ केले, मान वळवली, शेपटीत केस कोरले.

बाईसाहेब उठून आल्या. "माझा घोडा कुठंय?"

"हा काय."

"हा नाही. माझा."

"तोच आहे गं. पाय तेवढे नीट केलेत."

तिने बराच वेळ बघितलं. "तो पळत होता," ती म्हणाली. "आता नुसता उभा आहे."

ती रडली नाही. तिने हात धुतले आणि सोफ्यावर पाठ फिरवून बसली. भुंग्याने दहादा बोलावलं, पण मैद्याला म्हणून तिने बोट लावलं नाही.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. कवळीवाल्यांनी चाचरत सगळं सांगितलं.

"मी चादर घातली की तुम्ही मागून येऊन परत ताणता," ती म्हणाली. "मी बोलत नाही, माझं तेवढंच काम वाचतं. पण ती पोर आहे हो."

"मग आता मी काय करू?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

सकाळी दुधाचा पेला पुढे ठेवत त्यांनी तिला विचारलं. बाईसाहेबांनी दूध संपवलं, ओठ पुसले. "आबा, तू एक घोडा कर," ती म्हणाली. "मग मी तो नीट करीन."

कवळीवाले बसले. हात सराईत होते. मानेवरची आयाळ, नाकपुड्या, गुडघ्यांच्या वाट्या. ओठ जरा उचलून त्यांनी दातसुद्धा बसवले. घोडा असा उतरला की त्यांनाच कौतुक वाटलं.

मग बाईसाहेब कामाला लागल्या. मान ओढून लांब केली. पाय फाकवले. एक कान उपटला आणि पाठीवर चिकटवला.

"तिथे कशाला?" आजोबांनी विचारलं.

"मागून कोणी आलं तर ऐकू यायला नको?"

आजोबांचे हात शिवशिवत होते. ते हात मांडीखाली घेऊन बसले.

"आबा हातांवर का बसलाय?" भुंगा म्हणाला.

"सुटून पळताहेत रे ते."

भुंग्याने मग आपला साप त्या लांब मानेला गुंडाळून टाकला, थंडी वाजत असेल म्हणून. कवळीवाल्यांनी आधी तोंड दुसरीकडे वळवलं. मग त्यांनी नीट पाहिलं. घोडा खरंच कुठेतरी निघाला होता, तोही घाईने. त्यांना हसू फुटलं, ते आवरेना.

"आवडला?" बाईसाहेबांनी विचारलं.

त्यांना खोटं बोलता येईना. "मान फार लांब झालीये."

"ते मला माहितीये. आवडला का?"

"कान आवडला," ते म्हणाले. तिला तेवढं पुरलं. तिने परातीतला एक गोळा तोडून घेतला आणि नवीन काहीतरी करायला बसली.

त्यानंतर सुट्टी कशी सरली ते कळलं नाही. बिटाच्या पाण्याने आणि हळदीने कागद रंगले, थोडी भिंतही रंगली. सूपमध्ये चौकोनी, तिकोनी आणि नाव नसलेल्या आकाराची गाजरं पडली. शेजारची पोरं वास घेत यायला लागली. बायको परतली तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नवऱ्याच्या भुवईला मैदा लागलेला होता. पिशवी दारातच ठेवून तिने आधी पोटभर बघून घेतलं.

शाळा सुरू झाली, कवळीवालेही लॅबमध्ये परतले. पण शनिवारचं काम त्यांनी सोडलं ते सोडलंच. दर शनिवारी त्यांच्याकडे पोरांचा बाजार भरतो. नियम बाईसाहेबांनी ठरवलाय: दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कवळीवाले तो पाळतात. मध्ये एकदा शेजारच्या मुलीच्या बदकाची चोच टोकदार करताना पकडले गेले, तेव्हा त्यांना सगळ्यांची भांडी घासावी लागली. घासली मात्र इतकी लख्ख, की बायको म्हणाली, "पुढच्या शनिवारीही पकडले जा."