न चाखता रांधणारे मलप्पाअण्णा

उदगीरचे आमचे शेजारी मलप्पाअण्णा झोपेतही स्वयंपाक करायचे. अतिशयोक्ती नाही. डोळा लागला की दोन्ही हात हवेतली कढई ढवळायचे, पाय चुलीत लाकूड सारायचे आणि तोंडातून हुकूम सुटायचे, "कडेच्या पंगतीला गव्हाची हुग्गी न्हाई गेली रे." एकदा ते लाकूड महादेवीअक्कांच्या बरगडीत बसलं. तेव्हापासून अक्का नवऱ्यापासून चार हात लांब सतरंजी टाकू लागल्या.

"रात्री किती पानं उठली, अण्णा?" गल्ली सकाळी विचारायची.

"पाचशे. तुलाच तेवढं आवतन नव्हतं."

दहा वर्षं आम्ही हसलो. मी सगळ्यांत जास्त.

मग अण्णा जागेपणी चुकू लागले. फोडणी करपली तरी नाकाला खबर नाही. हळद आणायला गेले आणि दुकानदारालाच स्वतःच्या घरचा रस्ता विचारून आले. शेवटी मी दोघांना लातूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत असे हातपाय चालणं ही कधी कधी मेंदू झिजत असल्याची वर्दी असते. बरीच वर्षं आधी येते.

"आधी आलो असतो तर?" अक्कांनी विचारलं.

"झोपेतल्या लाथा कमी केल्या असत्या. झीज थांबवायचं औषध अजून नाही."

एसटीत अक्का म्हणाल्या, "आपण हसून राहिलो होतो, न्हाई?" ‘आपण’ म्हणाल्या, ‘तुम्ही’ नाही. बाईचा मोठेपणा.

गावातल्या मठाचा वर्षाचा महाप्रसाद तोंडावर आला होता. एकतीस वर्षं तिथली आमटी अण्णांच्याच हातची. तिथे नैवेद्य दाखवायच्या आधी चव बघायची नाही. आचाऱ्याने जिभेला थेंब लावायचा नाही. सगळा भरवसा आठवणीवर. अण्णांना घरी बसवा, असं मी सुचवलं. अक्का म्हणाल्या, "तेवढंच उरलंय हो त्यांच्याजवळ. एवढी यंदाची आमटी निभू द्या."

त्यांनी मापून मीठ पदरात बांधलं आणि कढईशी ठाण मांडलं. वेळ झाल्यावर अण्णांच्या ओंजळीत दिलं, त्यांनी टाकलं. अक्का निर्धास्त होऊन पत्रावळी धुवायला गेल्या. तेवढ्यात अण्णांनी कोठीतून मिठाची पिशवी आणली आणि त्याच ऐटीत पुन्हा मीठ टाकलं. मी दारातून पाहिलं. धावलो, पण मीठ विरघळलं होतं. चाखून खात्री करायची सोय नाही, आणि नैवेद्याची घंटा वाजू लागलेली.

पंगती बसल्या. प्रसाद पानात टाकत नाहीत. माणसं मुकाट्याने जेवली. मुलांना आया डोळ्यांनी दटावत होत्या. पाण्याचा टँकर दुसऱ्यांदा मागवावा लागला.

मठाचे कारभारी विरूपाक्षप्पा फार भला माणूस. म्हणाले, "अण्णा, पुढच्या वर्षी तुम्ही नुसती देखरेख करा." आमच्याकडे देखरेख करा म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

अण्णा शेवटच्या पंगतीला बसले. आमटी भुरकली. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"मीठ टाकलं होतं ना मी?"

"हाव," अक्का म्हणाल्या.

"एकदाच?"

"एकदाच."

अण्णा टँकरकडे बघत राहिले.

"मग एवढं पाणी का पिऊन राहिलेत लोकं?"

"ऊन लई हाय."

मार्गशीर्ष होता. अक्कांनी स्वतः शाल पांघरली होती. अण्णांनी त्या शालीकडे बघितलं, मान हलवली.

"हाव," ते म्हणाले, "ऊन हाय." आणि पानातली सगळी आमटी संपवली.