राजाले गोळ्या चालतीन का?

माझे बाबा नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि वर्षातून एकदा राजा. कामगारांच्या गणपतीत त्यांनीच लिहिलेलं नाटक व्हायचं, दरवर्षी तेच. राज्य जिंकलेला राजा हळूहळू खंगत जातो आणि शेवटच्या अंकात आपल्या पायांनी नदीत शिरतो. का, ते नाटकात कुणीच सांगत नाही. प्रयोगानंतरच्या चहावर त्यावरून हमखास वाद. कुणी म्हणे शाप, कुणी म्हणे पश्चात्ताप. कॉलेजात मानसशास्त्राची दोन-चार पुस्तकं वाचून माझ्याही अंगात शहाणपण आलं होतं. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या राजाले डिप्रेशन आहे."

बाबा असे भडकले! "राजा आहे तो. त्याले काय गोळ्या देतं का वं?"

तालमी सुरू झाल्या की बाबा घरात मुके व्हायचे. ताट तसंच राहायचं, रात्री अंगणात फेऱ्या. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "भूमिकेत शिरले ना!" आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो. नाटक झालं की काही दिवसांनी ते माणसांत यायचे.

पुढे बाबा निवृत्त झाले, नाटक बंद पडलं, आई गेली. यंदा गणपतीनंतर मी त्यांच्याकडे गेले तर दाढी वाढलेली, डबा न उघडलेला आणि बाबा अंगणात फेऱ्या मारताहेत.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. झोप नाही येऊन राहिली."

आता कसली भूमिका?

रामदासपेठेतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेताना त्यांनी मला रडकुंडीला आणलं. "मी काय पागल आहो का?" हे रस्ताभर. आणि आत गेल्यावर तोंडाला कुलूप. डॉक्टरबाई विचारून थकल्या. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "स्वतःचं सांगायचं नसंल तर तुमच्या राजाचं सांगा."

बाबांनी मान वर केली. मग नाटकाची गोष्ट मी बाईंना थोडक्यात सांगितली.

"काय होतं राजाला?" बाईंनी विचारलं.

"झोपत नाही. अन्नाले चव राहत नाही. लोकं जयजयकार करून राहिले, अन् त्याले वाटते, हा दुसऱ्याच कोनाचा आहे."

"दरबारातलं कुणी काही करत नाही?"

"त्यायले वाटते, राजा राज्याच्या विचारात आहे. कौतुक करतात."

मला तिथे बसवेना.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, नदीचा विचार त्याच्या मनात कधीपासून असतो?"

नाटक मला तोंडपाठ आहे. नदी शेवटच्या अंकात येते, त्याआधी तिचा उल्लेखसुद्धा नाही.

"पहिल्या अंकापासून," बाबा म्हणाले.

पहिल्या अंकात राजा आपल्या छोट्या लेकीला खांद्यावर घेऊन दरबारभर नाचतो. ती लेक कितीतरी वर्षं मीच असायचे. त्या खांद्यावर बसून मी पोट दुखेपर्यंत हसले आहे.

खाली औषधाच्या दुकानात गर्दी होती. बाबा पायरीवर बसले. मी चिठ्ठी घेऊन पुढे निघाले तर माझी ओढणी धरून त्यांनी हळूच विचारलं, "राजाले गोळ्या चालतीन का वं?"

"चालतीन बाबा," मी म्हटलं, आणि एवढ्या लोकांसमोर त्यांच्या शेजारी बसून रडले.