बिनचिठ्ठीची परात

त्या रविवारी सकाळी देवळामागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. त्रेसष्ट भांडी. हंडे, कळश्या, घागरी, तपेल्या, पराती, एक गंगाळ. सगळी लख्ख, सोन्यासारखी. आणि एकाही भांड्यावर चिठ्ठी नाही.

"कोणी धुतली?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण बाहेर कबुतरं उडाली.

आमच्या मंडळातल्या चौघीजणी अभिमानानं पुढे झाल्या. शनिवारी दुपारभर बसून चिंच, मीठ आणि राखेनं घासली म्हणे. त्यांच्या कमरेची हाडं मोडली. दुसऱ्याचं भांडं घरात आणलं आणि तसंच काळं मांडून ठेवलं, तर गाव काय म्हणेल? प्रदर्शनाला माणसं येणार, सुना येणार, व्याही येणार.

"अहो, पण चिठ्ठ्या?"

"त्या पाण्यात निघाल्या ना, ताई. खळीच्याच होत्या."

खळीच्या होत्या, कारण नानांचा तसा हट्ट होता. नाना म्हणजे आमच्या इतिहास मंडळाचे चिटणीस. दीपनगरच्या वीज केंद्रात उभी हयात गेली त्यांची. प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा, प्रत्येक क्रमांकाला कागद हवा. चिकटपट्टीनं पितळेवर डाग पडतो म्हणून त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून घेतली आणि एकेका चिठ्ठीवर स्वतःच्या सुंदर अक्षरात घरमालकाचं नाव लिहिलं. रजिस्टरही केलं होतं, पण त्यात नुसतं "क्रमांक सतरा, परात, पितळी". आता सतरावी परात कोणती, हे सतराव्या परातीलाच विचारायचं.

"भांड्यावर नावं आहेत की घातलेली," असं कुणी म्हणेल. तिथंच तर सगळी गंमत होती. प्रदर्शनच मुळी नावाच्या भांड्यांचं होतं. आमच्या पेठेत लग्नात आहेर यायचा तो भांड्यांचा, आणि भांड्यावर छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं असायचं. पण भांडं कधी एका घरात टिकतं का? आलेला आहेर पुढच्या लग्नात फिरवतात. कार्याला नेलेला हंडा परत येताना दुसराच येतो. जुन्या लुगड्यांवर भांडी घेतात, मोडीतली भांडी घेतात. त्यामुळे ज्याच्या घरातून भांडं आणलं, त्याचं नाव त्या भांड्यावर जवळजवळ कधीच नव्हतं. हेच मला दाखवायचं होतं लोकांना. मोठ्या ऐटीत भाषणही लिहून ठेवलं होतं. भाषण राहिलं बाजूला, आता कोणाचं काय हेच कळेना.

मी धुळ्याला सरकारी कचेरीत, जुन्या कागदांच्या खोलीत तीस वर्षं काढली. नकला काढून देणं हे माझं काम. निवृत्त होऊन जळगावला माहेरच्या पेठेत परत आले, तेव्हा वाटलं, आपल्याला कागद वाचता येतो, चला, पेठेचा इतिहास लिहू. सात-आठ जण जमले. दर रविवारी बैठक. ज्या रविवारी वांग्याचं भरीत असे, त्या रविवारी वीस जण जमत. इतिहासाची आवड अशी वाढत-घटत असते, हे मला धुळ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि दर रविवारी अक्का यायची. ऐंशीच्या पुढची, एका डोळ्याला मोतीबिंदू, हातात काठी, पण काठी टेकायला कमी आणि दटावायला जास्त. पहिल्याच बैठकीला तिनं मला सगळ्यांदेखत तिच्या अहिराणीत विचारलं होतं, "तू धुयाले कागदं देखे ना? मंग मनी मायनं नाव काढी दे."

मनी माय, म्हणजे माझी आई. अक्का दीड वर्षाची असताना ती गेली. फोटो नाही. आमच्याकडे तेव्हा लग्नात मुलीचं नाव बदलत, त्यामुळे आईचं सासरचं नाव अक्काला ठाऊक होतं. पण ते नाव तर आईला इथं येऊन चिकटलेलं. तिच्या आईला तिच्या आईनं काय म्हणून हाक मारली, ते अक्काला हवं होतं. माहेर धरणगावचं, एवढंच माहीत. तिकडे कुणी उरलं नव्हतं. वडिलांनी वर्षभरात पहूरची दुसरी बायको केली, आणि त्या घरात, जिथं अक्का अजून राहते, पहिलीचं नाव कोणी काढलं नाही. अक्का सावत्र आईला कधी आई म्हणाली नाही. "ती" म्हणायची. "तिनं मनी मायनं बठ्ठं पुसाडं," सगळं पुसून टाकलं, असं सांगायची, आणि काठी आपटायची.

मी शोधलं, खोटं कशाला बोलू? जुने उतारे पाहिले, जन्म-मृत्यूची पुस्तकं पाहिली, धरणगावला दोनदा जाऊन आले. पुरुषांची नावं आजोबा-पणजोबांपर्यंत मिळतात. बायका कागदावर येतात त्या सासरच्या नावानं, किंवा येतच नाहीत. दर रविवारी अक्का विचारायची, "सापडनं का?" मी मान हलवायची. मग ती म्हणायची, "जरा घाई कर, बाई. माले वरतं जाईसन तिले हाक माराले लागी." सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. त्या वाक्यानं माझी झोप गेली होती.

तर भांडी. दुसऱ्या रविवारी, प्रदर्शन बाजूला ठेवून, आम्ही पेठेला बोलावलं आणि सांगितलं, आपापलं ओळखून न्या. बाप रे! एका कळशीला तीन घरं. दोन जावा एका हंड्याच्या दोन कानांना धरून उभ्या. एक आबा माझ्यावरच उखडले, "इतिहासवाल्यांनी आमचं गंगाळ खाल्लं!" गंगाळ त्यांच्या मागेच होतं. नाना रजिस्टर छातीशी धरून नुसते गोल फिरत होते. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मनाशी म्हटलं, झक मारली आणि मंडळ काढलं.

लाज राखली ती चाचांनी. चाचा आमच्या मंडळातले सर्वांत कमी बोलणारे. त्यांनी पेठेतल्या भांड्यांना चाळीस वर्षं कल्हई केली. त्यांचे वडील भांड्यांच्या दुकानाबाहेर पाट टाकून नावं घालत. चाचा भांडं उचलायचे, उलटं करायचे, बुडाला बोट फिरवायचे आणि शांतपणे सांगायचे, "ये तुमचं. हा पोचा मीच काढला होता, तुमच्या मोठ्या मुलीच्या लग्नाआधी." लोकांना स्वतःच्या भांड्यांबद्दल जे आठवत नव्हतं, ते त्यांच्या बोटांना आठवत होतं. दुपारपर्यंत खोली रिकामी झाली.

एक परात उरली, आणि रजिस्टरात सहीविना एकच ओळ: क्रमांक सतरा.

एकाच नावाच्या दोन पराती होत्या. एक शेजारच्या गल्लीतल्या वहिनी खात्रीनं घेऊन गेल्या. म्हणजे दुसरी अक्काची; नाव तिच्या सावत्र आईचं, जुळतच होतं. पण अक्कानं परातीकडे एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हाई मनी नही शे. मनी परात काळी व्हती. इतली चकचकीत परात मना घरमा कधी व्हती?"

"अक्का, धुतली गं ती."

"मनी धुयीसनबी काळीच ऱ्हास." आणि गेली निघून काठी आपटत.

आता याला काय म्हणायचं? मी चिडले, पण करते काय. चाचा म्हणाले, "चलो, घरी नेऊन देऊ." भांडं परत द्यायचं तर रिकामं द्यायचं नसतं, म्हणून आम्ही प्रत्येक भांड्यात मूठभर कणीक घालत होतो. या परातीत उरलेली सगळी घातली, आणि निघालो. चाचांच्या हातात परात, माझ्या काखेत नानांचं रजिस्टर. सही घेतल्याशिवाय परत येऊ नका, असं नानांनी बजावलं होतं.

अक्का ओट्यावर बसली होती. चाचांनी परात तिच्या पुढ्यात ठेवताना ती जरा कलली आणि पीठ कडेवरून बाहेर सांडलं. अक्कानं वैतागून ते तळव्यानं पुसलं, कडेच्या बाहेरच्या अंगानं, उजवीकडून डावीकडे.

ठिपक्यांत पीठ बसून सावत्र आईचं नाव पांढरं झालं. ते होणारच होतं. पण त्याच्या वर, दोन बोटं अंतरावर, आणखी ठिपके पांढरे झाले. पुसट, चेपलेले, काही नुसते खळगे.

मला आधी वाटलं, चिंचेचे डाग असतील. मी पदरानं पुसायला गेले, तर चाचांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझ्या हाताला हात लावला नव्हता. त्यांनी चष्मा चढवला, चिमूटभर कणीक घेतली आणि अंगठ्यानं हळूहळू त्या ठिपक्यांत भरली. "अब्बांचा हात आहे," ते म्हणाले. "दोन्ही नावं त्यांचीच."

मी वाचलं. एका मुलीचं नाव, आणि पुढे गाव: धरणगाव.

आमच्याकडे मुलीला द्यायच्या भांड्यांवर लग्नाच्या आधीच नाव घालून ठेवत. सासरी काय नाव ठेवतील ते कोणाला ठाऊक? मग माहेरचंच घालायचं. हे मला माहीत होतं. ऐटीत लिहिलेल्या भाषणात हेच होतं. तीन वर्षं मी कागद धुंडाळले, आणि ही परात क्रमांक सतरा होऊन माझ्या खोलीत महिनाभर पडली होती.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते अक्काचं आहे.

मी तिला ते वाचून दाखवलं. मग तिनं ते हळू उच्चारलं, लहान मुलाला नवा शब्द यावा तसं. पुन्हा उच्चारलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं, दाराकडे पाहून, हाक मारल्यासारखं. माझ्या डोळ्यांना धार लागली, लपवायचं काही कारणही नव्हतं.

पण लगेच तिचा चेहरा बदलला. तिनं चेपलेल्या ठिपक्यांवर नख फिरवलं. "देख. तिनीच ठोकी टाकं व्हई. मनी मायनं नाव ठोकी टाकं, आन् सोतानं घालं."

मी काही म्हणणार, तेवढ्यात चाचा बोलले.

"नही, अक्का. मिटवायचं असतं ना, तर कानस मारतात. दोन मिनिटांचं काम. काही राहत नाही. हे नुसतं वरवर चेपलंय, दाखवण्यापुरतं. आणि नवं नाव जुन्यावर नाही घातलं. खाली घातलं, जागा सोडून. अब्बा आपणहून जुनं नाव असं कधी ठेवत नसत. कुणीतरी त्यांना 'राहू द्या' म्हटलं असेल."

"कोन म्हनी?"

चाचांनी अंगठ्यावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "माझं नुकतं लग्न झालं होतं तेव्हा. कल्हईला मी तुमच्याकडे यायचो. तुमची ती... ती बाई ही परात मला गल्लीत नेऊ द्यायची नाही. इथंच, अंगणात भट्टी लावायला लावायची आणि समोर बसून राहायची. 'आतून कर, कडेले हात लावू नको,' असं दर वेळी. मला राग यायचा. मला वाटायचं, मुसलमान पोरगा आहे, परात पळवीन म्हणून बसते. उभा जन्म मी तेच समजत होतो."

गल्लीतून भाजीची गाडी ओरडत गेली.

"माले त्याच परातमा पीठ मळाले लावे ती," अक्का म्हणाली. "घरमा स्टीलनी परात उनी तरी. मी म्हनू, जुनी मोडमा दे. ते तिनी दिनी नही." आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच दोषी, तिनं विचारलं, "मंग माले सांगं का बरं नही?"

वडिलांची बंदी असेल. किंवा भीती असेल, नाव कळलं की पोर त्या नावाची होईल, आपली राहणार नाही. किंवा वाटलं असेल, हिला वाचता येतं, एक दिवस वाचेल आपणच. चौथीपर्यंत शिकली होती ना अक्का. मी आजही रात्रंदिवस यावर विचार करते आणि दर वेळी वेगळंच खरं वाटतं. कचेरीत मी पुराव्याशिवाय कागदावर शेरा मारला नाही. इथं पुरावा माझ्यासमोर होता, दोन नावांचा, आणि काय सिद्ध झालं तेच मला समजत नव्हतं.

काहीतरी करायला हवं म्हणून मी रजिस्टर उघडलं. क्रमांक सतरा. नानांनी एक रकाना आखून रिकामाच ठेवला होता: मूळ कोणाची.

"अक्का, इथं काय लिहू? परात कोणाची?"

अक्का परातीतलं पीठ एका बाजूला ओढत होती. मधे खळगा करून तिनं तांब्यातलं पाणी ओतलं.

"मायनी."

"कोणत्या आईची, अक्का?"

तिनं कणकेचे हात वर काढून माझ्याकडे असं पाहिलं, की मी अर्धं पाऊल मागे सरकले.

"कोनती म्हंजे? मनी मायनी. लिख."

मी लिहिलं.