सुमित्रा कहाँ हैं?

अवधपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मनोरमाकाकू मूळच्या उज्जैनच्या सुमित्रा. लग्नात गोपीनाथकाकांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'मनोरमा' लिहिलं आणि बावीस वर्षांची सुमित्रा तिथेच संपली. काकांना बायकोचं नाव बदलायची भारी हौस; स्वतः मात्र मरेपर्यंत गोपीनाथच राहिले!

गेल्या वर्षी काकूंची एकुलती लेक योगिनी परदेशात बाळंत व्हायची होती. काकू एकट्याच निघाल्या. योगिनीच्या जन्माचा दाखला त्यांच्या पर्समध्ये मीच कोंबला. "असू द्या, आई असल्याचा पुरावा," म्हटलं. मोठी शहाणी ना मी! योगिनी जन्मली काकूंच्या माहेरी. दाखला काढला आजोबांनी, आणि सवयीने आईचं नाव लिहिलं सुमित्रा. मी ते वाचलंच नव्हतं.

तिथल्या विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि दाखला शेजारी शेजारी ठेवले. हिंदी दुभाषा फोनवर होता.

"सुमित्रा कहाँ हैं?"

"मैं ही हूँ, भैया."

"आप तो मनोरमा हैं. सुमित्रा कहाँ हैं?"

तोच प्रश्न, त्याच आवाजात, सात वेळा. सातव्यांदा काकूंनी चक्क मागे वळून पाहिलं, ती रांगेत तर उभी नाही ना म्हणून.

शेवटी अधिकाऱ्याने योगिनीला फोन लावला. तिला कळा सुरू झाल्या होत्या. "माझ्या आईचं नाव मनोरमा. सुमित्रा नावाचं आता कोणी नाहीच. सोडा हो तिला," ती कण्हत म्हणाली.

अधिकाऱ्याने एक कागद पुढे सरकवला. सुमित्रा नावाची कोणी व्यक्ती अस्तित्वात नाही, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर आत, नाहीतर परतीचं विमान. काकूंनी सही केली. लेकीपाशी वेळेवर पोचल्या, नात हातात घेतली.

सहा महिन्यांनी परतल्या त्या गुटगुटीत नातीचे फोटो घेऊन. मी सहज विचारलं, "कोणावर गेलीय हो? तुमच्या आईवर का?"

"माझी आई?" त्या म्हणाल्या. "कशी होती ती?"



दिवाळीत चिवडा द्यायला वर गेले, तेव्हा त्यांचा फोन वाजत होता. पडद्यावर नाव होतं काशिनाथदादा, उज्जैन. त्यांचा सख्खा भाऊ. काकूंनी फोन उचलला; पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"सुमे, भाऊबीजेला येतेस ना गं?"

काकूंनी फोन कानापासून दूर धरला आणि माझ्या हातात दिला.

"कोणा सुमीला विचारतायत गं. म्हातारे वाटतात बिचारे. राँग नंबर म्हणून सांग, पण जरा हळू सांग."