आमच्या घरचा व्हिडिओ

वादळ गेलं आणि गावाचे फोन मेले. आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून. तिथे आई-बाबा दोघंच. मी पनवेलला, धाकटा भाऊ जहाजावर. आम्ही दोघं एकमेकांना एकच विचारत होतो, "लागला का फोन?"

गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. खरं सांगते, मला त्याचा वीट आला होता. सकाळ झाली की फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. कधीच म्यूट करून टाकला होता मी. आता त्याच्यावरून नजर हलत नव्हती.

शेवटी एका दुपारी त्यावर व्हिडिओ यायला लागले. गावातला एक रिक्षावाला घरोघर फिरून माणसांना फोनसमोर उभं करत होता. मग मोटारसायकलवरून, पडलेली झाडं ओलांडत, पार माणगावपर्यंत जाऊन रेंज मिळेल तिथून सगळं पाठवत होता. देव त्याचं भलं करो. एक म्हातारी म्हणाली, "कौलं गेली सगली, पन मी हाय!" खाली तिची मुंबईची लेक रडत होती, हसत होती. दुसऱ्यांचे आईबाप येत होते आणि मी चरफडत होते. मेल्या, आमच्या घरी कधी जाणार?

मग आई आली. मागे आडव्या झालेल्या सुपाऱ्या. "पोरांनो, घाई करू नका," ती म्हणाली, "रस्ते बंद हायत. येलेवर जेवा." संपलं. मला रागच आला. बाबांना घटकाभर फोनसमोर उभं राहायला काय झालं होतं?

व्हिडिओ पुन्हा लावला. तेव्हा तिचं कपाळ दिसलं. कुंकवाशिवाय आई कधी दारातसुद्धा आली नव्हती. गळाही मोकळा. बाबांच्या अंगावर वाडीतला माड कोसळला, हे नंतर कळलं. आम्हाला न कळताच त्यांना अग्नी दिला होता. एवढ्या लोकांत, फोनकडे बघून, ती तरी कशी सांगणार होती बिचारी!

त्या व्हिडिओखाली कुणी काही लिहिलं नाही. मग ग्रुपवरच भावाचा मेसेज आला, "ताई, आपला आला ना? माझ्याकडे उघडतच नाहीये. बाबा काय म्हणाले?"

ग्रुपवरच्या, गावाबाहेर असलेल्या सगळ्यांनी तो वाचला. उत्तर माझ्यावर सोडलं.

मी लिहिलं, "बाळा, तुझ्याजवळ आत्ता कुणी आहे का?"