गल्लीत हळू

गल्लीच्या तोंडाशी भाऊ रिक्षा थांबवायचे, खाली उतरायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे आणि मग सगळे बसले ना म्हणून आत डोकावून विचारायचे, "बठ्ठा बसनात का?" आतली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "बसनात!" मगच रिक्षा हलायची, तीही अशी की शेजारून एखादी शेळी पुढे निघून जावी.

शाळेचा रिक्षावाला तुमच्याही गल्लीत येत असेल. पण आमच्या जळगावच्या कॉलनीला या माणसाचा अभिमानच होता. माझे यजमान धुळ्याला नोकरीला, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. सहा वर्षांची मुलगी कोणाच्या तरी हवाली करणं भागच होतं. पहिल्या दिवशी मी शंभर सूचना दिल्या, मुलीला पुढे ड्रायव्हरजवळ बसवायचं नाही ही त्यातली पहिली. सगळं ऐकून घेऊन भाऊ म्हणाले, "कायजी करू नका ताई. पोरं माझीच शेतस."

शाळेच्या गेटसमोरचा सकाळचा तमाशा तुम्हाला वेगळा सांगायला नको. एकेका स्कूटीवर तीन तीन पोरं, कान आणि खांद्यात फोन दाबून गाडी चालवणारे बाप, रस्त्याच्या मधोमध चारचाकी उभी करून लेकाचा टाय सारखा करणाऱ्या आया. भाऊ कोणालाच सोडायचे नाहीत. एका इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांना त्यांनी हात जोडून विचारलं होतं, "साहेब, गाडी शिकले की नुसती घेतली?" हा किस्सा आम्ही बायकांनी हळदीकुंकवात किती दिवस चघळला. माझ्या शब्दावर आणखी चार घरांनी आपली पोरं भाऊंच्या रिक्षात बसवली.

एकदा तापामुळे यजमान शनिवारी आलेच नाहीत, म्हणून रविवारी मी मुलीला शेजारच्या अक्कांकडे ठेवून धुळ्याला गेले. सोमवारी पहिल्या एसटीने परतत होते. जळगाव जवळ आलं आणि ड्रायव्हरने असा करकचून ब्रेक मारला की माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. हायवेवर एक रिक्षा उलट्या बाजूने थेट आमच्या अंगावर येत होती. ड्रायव्हरने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही कपाळ चोळत म्हणाले, "मेल्याला लाज नाही, पोरं भरलीत त्यात."

रिक्षा माझ्या खिडकीखालून गेली. बाहेर लोंबणारी निळी बाटली मीच आणलेली होती. आणि पुढे, भाऊंच्या मांडीला टेकून, माझी मुलगी बसली होती.

दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. रिक्षा नेहमीसारखी हळूहळू आली.

"भाऊ, हायवेवर रोज उलटे जाता?"

"जातो ना ताई. सरळ गेलं तर वळायला पार पुढच्या चौकात जावं लागतं. तेवढ्यात गेट बंद व्हई जास. पोरं उन्हात उभी राहतात."

"मग लवकर निघायचं."

"लवकरच निघतो. पण बठ्ठ्या गल्ल्यांत हळू चालवतो, तुम्हा लोकांना बरं वाटतं म्हणून. तो वेळ कुठं तरी भरून काढावा लागतो. इतकी वर्षं झाली, कोणाला खरचटलं का?"

भाऊ खोटं बोलले असते तर एकवेळ परवडलं असतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या डोळ्यांसमोर साधूपणा आणि ट्रकच्या तोंडासमोर माझं लेकरू. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पोरांदेखत मी तोंडाला येईल ते बोलले. भाऊ मान खाली घालून हँडलवरची धूळ पुसत राहिले. मग त्या चारही घरांत जाऊन मी सांगून आले.

दुसऱ्या दिवसापासून रिक्षा आली नाही. आता ते सावद्याकडे केळीचा टेम्पो चालवतात असं ऐकते. इतकं होऊनही माझ्या तोंडात अजून 'भाऊ'च येतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

मुलीला आता मीच स्कूटीवरून सोडते, लांबच्या चौकातून वळसा घालून. परवा आरशात बघितलं तर ती मागे डोळे गच्च मिटून बसलेली.

"झोप येते का गं?"

"नाही. ट्रक आला ना."

"मग?"

"ट्रक आला की रिक्षावाले काका सांगायचे, डोळे मिटा रे बठ्ठे. गेला की मग उघडायचे."

"मला कधी बोलली नाहीस?"

"तू घाबरशील म्हणून काका नको म्हणाले."

एवढीशी पोर, आणि त्या माणसासाठी तिने रोज माझ्यापासून हे लपवून ठेवलं. ट्रक केव्हाच निघून गेला होता.

मागून आवाज आला, "आई, उघडू का?"